बाटली आडवी झाली, पुढे?

लष्करातली नोकरी संपवून अण्णा हजारे १९७५ साली राळेगणसिद्धीला परतले, तेव्हा पारनेर तालुक्यातले हे गाव दुष्काळासाठी आणि दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जात होते. शेतात पिकत नव्हते, म्हणून घरोघर गाळली जात होती. तीसहून अधिक भट्ट्या गावात होत्या आणि तिथली दारू आसपासच्या गावांतही जात होती. पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, मंदिरात तरुण जमले, भट्ट्या बंद करण्याचा निर्णय झाला. नालाबांध, पाझर तलाव, झाडे आणि शाळा ही कामे त्यानंतरची.

दारू बंद झाल्याचा सर्वांत मोठा दिलासा बायकांना मिळाला. मजुरीचा पैसा घरात येऊ लागला आणि रात्री दार वाजले की छातीत धडकी भरणे कमी झाले. पण ही बंदी टिकवण्याची रीत मात्र कठोर होती. समजावूनही जो पिऊन येई, त्याला मंदिरासमोरच्या खांबाला बांधून फटके दिले जात. अण्णांनी हे लपवले नाही, उलट वडीलधाऱ्याने केलेली शिक्षा म्हणून त्याचे समर्थनच केले. इथे थांबून विचार करायला हवा. सुधारण्यासाठी मारणे योग्य, हाच तर बायकोवर हात उगारणाऱ्या प्रत्येक नवऱ्याचा दावा असतो. ‘तिला वळण लावत होतो’ असे तो पंचांसमोर सांगतो आणि पंच माना डोलावतात. जे गाव चावडीवर फटका मान्य करते, त्याला घरातल्या फटक्याला नाही म्हणणे जड जाते.

दारू आणि मारहाण यांचे नाते किती घट्ट आहे, हे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने आकड्यांत मांडले. ज्यांचे नवरे वारंवार दारू पिऊन झिंगतात, त्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. दारूबंदीसाठी झगडणाऱ्या बायकांचे म्हणणे किती खरे आहे, हे या एका आकड्यात दिसते. त्याच तक्त्यात दुसराही आकडा आहे आणि तो सहसा कोणी वाचून दाखवत नाही. ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, त्यांच्यातल्याही सुमारे २३ टक्के स्त्रियांनी हाच अनुभव सांगितला. माळकरी, निर्व्यसनी, गावात मान असलेल्या माणसाच्या घरात काय चालते, ते भट्टी फोडून कळत नाही.

महाराष्ट्रापुरता आकडा पाहिला, तर लग्न झालेल्या दर चार स्त्रियांपैकी एकीने नवऱ्याची हिंसा सोसली आहे. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के जणींनी. त्यातही बहुतेकींनी ती माहेरी मागितली. पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या फारच थोड्या.

दारूविरुद्ध लढायला या राज्याने बायकांच्या हाती निदान काही साधने दिली. गावातल्या एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी सह्या करून मागणी केली, की दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. आडवीला बहुमत मिळाले, की दुकानाला टाळे लागते. अण्णांनी लावून धरलेल्या मागणीमुळे २०१६ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. अवैध दारूची खबर या दलाने द्यायची आणि पोलिसांनी ठरावीक वेळेत कारवाई करायची, अशी ती रचना आहे. खबर कोणी द्यायची, कोणाला द्यायची आणि पुढे काय व्हायचे, हे सगळे त्यात नेमके सांगितले आहे.

घरातल्या मारहाणीसाठी एवढी स्पष्ट वाट गावातल्या किती बायकांना ठाऊक असते?

पारनेरच्या एखाद्या वस्तीवरून तक्रारीला निघालेल्या बाईची वाट अशी असते. आधी ती जावेला किंवा शेजारणीला सांगते. मग माहेरी फोन जातो. भाऊ किंवा वडील येतात, दोन्हीकडची माणसे ओसरीवर बसतात, ‘लेकरांकडं बघ’ असे तिला सांगितले जाते आणि ती पुन्हा नांदायला जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी गोष्ट पोलीस पाटलापर्यंत किंवा तंटामुक्ती समितीपर्यंत जाते. त्यातूनही निभावले नाही, तर ठाणे. तिथे तिच्या हातावरचे वळ पाहून बऱ्याचदा ‘एनसी’ लिहिली जाते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. कागदाची एक प्रत तिच्या हातात येते आणि न्यायालयात जाण्याची समज मिळते. नवऱ्याला फोन करून ठाण्यात बोलावतात, दमात घेतात, ‘पुन्हा असं करणार नाही’ असे लिहून घेतात. त्या संध्याकाळी दोघे एकाच एसटीने घरी परततात. तक्रार केली म्हणून त्या रात्री तिचे काय होते, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

तंटामुक्ती समितीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे वाद गावातच मिटावेत आणि कोर्टाच्या फेऱ्यांत शेतकऱ्याने घर धुऊन काढू नये, हा तिचा हेतू चांगला होता आणि हजारो वाद तिने मिटवलेही. पण मिटवलेल्या तंट्यांवर गावाला गुण आणि बक्षीस मिळू लागले, की प्रत्येक भांडणाकडे मिटवण्याच्या नजरेने पाहिले जाते. बांधाच्या वादात दोन्ही शेतकरी बरोबरीचे असतात, दोघांनी हातभर जागा सोडली की वाद संपतो. मार खाणाऱ्या बाईने हातभर काय सोडायचे? तिथे तडजोड म्हणजे तिने आणखी थोडे सोसायचे, एवढाच अर्थ उरतो. बैठकीत बोलणारे बहुतेक पुरुष, त्यातले निम्मे भावकीतले. अशा बैठकीत ‘तो मला झोपेत लाथा घालतो’ हे वाक्य बाईच्या तोंडून निघत नाही.

कायद्याने मात्र तिला पुष्कळ दिले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तोवर असलेले भारतीय दंड संहितेचे ४९८-अ हे कलम १९८३ सालचे होते. आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ क्रमांकाने आले आहे. ते कलम नवऱ्याला आणि सासरच्यांना शिक्षा देते, पण आज रात्री बाईने झोपायचे कुठे, पोरांना खायला काय घालायचे, याचे उत्तर त्यात नाही. २००५ च्या कायद्यात ते आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो वा सासऱ्याच्या, ज्या घरात ती नांदली तिथून तिला बाहेर काढता येत नाही. न्यायदंडाधिकारी मारहाण थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाला पैसे देण्याचा, मुलांचा ताबा तात्पुरता आईकडे देण्याचा आदेश देऊ शकतात. प्रसंगी नवऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याआधीही अंतरिम आदेश काढू शकतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो.

या कायद्यातल्या दोन तरतुदी गावांत फार कमी लोकांना माहीत आहेत. एक, खबर देण्यासाठी त्या बाईनेच पुढे यायला हवे असे नाही. शेजारी, शिक्षिका, आशाताई, कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याची कोणतीही जबाबदारी येत नाही. दुसरी, अर्ज सासरच्या गावीच करायची सक्ती नाही. राळेगणची मुलगी पुण्याला किंवा सोलापूरला दिलेली असली आणि मारहाणीमुळे माहेरी आलेली असली, तर ती पारनेरच्या न्यायालयात अर्ज करू शकते. ४९८-अ बाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच सांगितले: बाईने जिथे आसरा घेतला, तिथे गुन्हा नोंदवता येतो. ‘तुमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्याला धरून नाही.

पोलिसांवरही या कायद्याच्या पाचव्या कलमाने थेट कर्तव्य टाकले आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचे हक्क, संरक्षण अधिकाऱ्याची मदत, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा मार्ग या सगळ्याची माहिती देणे त्यांना बंधनकारक आहे. एनसीची प्रत हातात देऊन तिला वाटेला लावले, तर हे कर्तव्य पार पडत नाही.

मग अडते कुठे? महाराष्ट्राने याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच शोधायला सुरुवात केली होती, आणि ते काम राज्याबाहेर जितके नावाजले गेले तितके राज्यात माहीत नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर एक प्रयोग केला. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि तिथे वर्दीतल्या माणसांऐवजी प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या. कल्पना साधी होती. संकटातली बाई जिथे येते तिथेच मदत हवी. ठाण्याचा दरारा नवऱ्यावर चालतो, पण बाईचे दुखणे समजून घ्यायला वेळ आणि शिक्षण असलेले माणूस लागते. एकाच आवारात दोन्ही मिळाले तर दोन्ही उपयोगी पडतात.

या कक्षातली बैठक ओसरीवरच्या बैठकीहून वेगळी असते. आधी बाईशी एकटीशी बोलणे होते, सासरमाहेरचे कोणी समोर नसताना. तिला काय हवे ते तिलाच विचारले जाते: परत जायचे आहे, वेगळे राहायचे आहे, दागिने आणि कागदपत्रे सोडवायची आहेत, की गुन्हा नोंदवायचा आहे. बहुतेकींना लगेच गुन्हा नोंदवायचा नसतो. नवऱ्याने मारणे थांबवावे, एवढेच त्यांना हवे असते. नवऱ्याला बोलावले जाते तेव्हा बोलण्याची पहिली अट मारहाण थांबण्याची असते. ती अट घासाघिशीसाठी नसते. पुढे कार्यकर्ती पाठपुरावा करते आणि गरज पडली तर तिच्याबरोबर तक्रार नोंदवायला जाते. ठाण्यातल्या हवालदारालाही हळूहळू उमगते, की तीच बाई तिसऱ्यांदा आली तर ती ‘सवयीची तक्रारदार’ नसून धोक्यात असलेली बाई आहे. नंतर राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ही पद्धत स्वीकारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष सुरू झाले. इतर राज्यांनीही तिचा कित्ता गिरवला.

पण हे कक्ष मुख्यतः जिल्ह्याच्या आणि शहराच्या ठिकाणी आहेत. सखी केंद्रांची योजना २०१५ सालची. एका छताखाली निवारा, वैद्यकीय मदत, वकील आणि समुपदेशन देण्याची ती योजना, तीही मुळात जिल्ह्यासाठी. राळेगणपासून जिल्ह्याचे ठिकाण नगर चाळीसेक किलोमीटर दूर. दिवसाची मजुरी बुडवून, तान्हे मूल काखेत घेऊन, नवऱ्याला कळू न देता एवढे अंतर कापणे ही लहान गोष्ट नाही. तालुक्याचे ठाणे हाच तिच्या हाताला लागणारा दरवाजा आहे, आणि तिथे समाजकार्यकर्ती नसते.

पाठपुराव्याअभावी काय होते, हे वसईच्या एका तरुणीच्या प्रकरणात देशाने पाहिले. आपला जोडीदार मारतो, तुकडे करून टाकण्याची धमकी देतो, अशी लेखी तक्रार तिने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात दिली होती. नंतर वाद मिटल्याचे तिनेच लिहून दिले आणि प्रकरण तिथे थांबले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिल्लीत तिचा खून झाल्याचे उघडकीस आले. तक्रार मागे घेतली जाते, तेव्हा ती कशी आणि कोणाच्या दबावाखाली घेतली जाते, हे तपासणारे कोणी हवे. मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातल्या एका सधन घरातील तरुण सुनेच्या मृत्यूने महाराष्ट्र हळहळला, तेव्हाही हेच पुढे आले: त्याच घरातल्या थोरल्या सुनेने आधीच छळाची तक्रार केलेली होती. एका घरातून आलेली पहिली तक्रार ही दुसऱ्या जिवासाठीची सूचना असते, ही गोष्ट ठाण्याच्या कामकाजात रुजायला हवी.

या कायद्यांचा गैरवापर होतो, हा आक्षेप गावातल्या पारावरही ऐकू येतो. लांबच्या नणंदेचे आणि म्हाताऱ्या चुलत सासऱ्याचे नाव तक्रारीत घालण्याचे प्रकार घडतात, हे खरे आहे. म्हणूनच २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला आळा घातला: आधी नोटीस द्या, अटक का करायची याचे कारण लिहा. ते योग्यच झाले. पण अटक न करणे आणि तक्रार न घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनेक ठाण्यांत पहिलीच्या आडून दुसरी घडते. शिवाय २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात कोणाला तुरुंगात न टाकता बाईला छप्पर आणि खर्ची मिळते. गैरवापराची खरी काळजी असणाऱ्याने तर या कायद्याचा वापर वाढावा म्हणून आग्रह धरायला हवा.

नगर जिल्ह्याला या कामाची स्वतःची परंपरा आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली आणि ‘टाकलेली’ म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बायका व्यासपीठावरून बोलल्या. त्या काळी बायकोला मिळणाऱ्या पोटगीवर महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि केंद्राच्या कायद्यातून ती जायला २००१ साल उजाडले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक अशिक्षित स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. बाळंतपण आणि जुलाब यांच्याबरोबर महिला मंडळांत दारू आणि मारहाण यांवरही बोलणे होऊ लागले. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, त्यामागचा विचारही असाच होता. ‘पाय घसरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईच्या जखमा पडल्याच्या आहेत का, हे परिचारिकेला कळते. राळेगणसारख्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची परिचारिका आणि आशाताई यांना हे प्रशिक्षण मिळाले, तर ठाण्याच्या कितीतरी आधी मदत सुरू होईल.

ठाण्यातही बदल होऊ शकतो, याचा पुरावा शेजारच्या राज्यात आहे. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत महिला मदत कक्षांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्या ठाण्यांत वेगळी खोली, ठरवून दिलेली पद्धत आणि प्रशिक्षण होते, तिथे स्त्रियांच्या तक्रारी अधिक नोंदवल्या गेल्या. कक्षाची सूत्रे महिला अधिकाऱ्याकडे होती तिथे हा फरक विशेष दिसला. त्यासाठी नवी इमारत लागली नाही. एक आडोसा, एक टेबल आणि त्यामागे बसणाऱ्या माणसाला दिलेले नेमके काम एवढ्याने हे झाले.

संरक्षण अधिकाऱ्यांचा प्रश्नही आता टाळता येणार नाही. कायदा आला तेव्हा बऱ्याच राज्यांनी हे काम आधीच चार कामांखाली दबलेल्या अधिकाऱ्यांच्या माथी मारले. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी सर्व राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमून त्यांची नावे निश्चित करण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत घातली. त्यामुळे प्रत्येक गावाला आता विचारता येते: आमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, तो कुठे बसतो आणि त्याचा फोन कोण उचलते?

हा प्रश्न विचारण्याची जागा ग्रामसभा आहे, आणि ग्रामसभेचा अधिकार काय करू शकतो हे राळेगणने देशाला दाखवले आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांत राज्य सरकारने तो सगळ्या गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. मारहाणीच्या तक्रारीवर तंटामुक्तीची बैठक बसणार नाही, असा ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकते. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व फोन, ११२ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता तिने अंगणवाडीच्या, रेशन दुकानाच्या आणि दूध डेअरीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा, कारण बायकांची ये-जा तिथे असते. सरकारी खर्चाने वकील मिळायला स्त्रीच्या उत्पन्नाची अट नसते, हेही त्याच भिंतीवर लिहावे. पोलीस पाटलाने गावात घडलेल्या मारहाणीची नोंद ठेवून ती दर महिन्याला ठाण्याला कळवावी आणि ठाण्याने त्या घरांकडे पुन्हा जाऊन पाहावे. अवैध दारूची खबर देण्यासाठी ग्रामरक्षक दल उभे करता आले, तर महिला ग्रामसभेने निवडलेल्या चार बायकांना संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात नेऊन घरगुती घटना अहवालाचा, म्हणजे मारहाणीची हकीकत नोंदवण्याच्या कागदाचा, नमुना दाखवून आणणे अवघड नाही. तो अहवाल भरायला बाईला मदत कशी करायची, हे त्यांना एका दिवसात शिकता येते.